पाहा : गडकरी

आमच्या घरात पीएच.डी. बायकोने केली, पण संदर्भसूची मी केली. ‘तुम्ही बँकेत होतात, तुम्हाला टॅली करायची सवय आहे,’ असं म्हणून तिने कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ढकलला आणि प्रकरण तिसरं लिहायला आत निघून गेली.

विषय तिने निवडला होता : टोपणनावाने लिहिणारे मराठी कवी. आणि विद्यापीठाला हवी होती एपीए पद्धत. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने 1929 साली सात पानांच्या एका लेखातून ही पद्धत सुरू केली. आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग आद्याक्षर, कंसात साल. सात पानांत भागलं, कारण त्या सद्गृहस्थांना मराठी कवी भेटले नव्हते.

मुलाने मला लॅपटॉपवर संदर्भ लावून देणारं सॉफ्टवेअर घालून दिलं. पहिलाच कवी ‘बी’, म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते. मी ‘बी’ टाकलं. यंत्राने ते आद्याक्षर धरलं आणि आडनाव मागितलं. कवी अनिल यांचं ‘अनिल, क.’ झालं. माधव ज्यूलियन मूळचे पटवर्धन. पण यंत्राने ज्यूलियन हेच घराणं मानून त्यांना जोश्यांच्या लगेच खाली बसवलं. अमेरिकेला त्यात काही वावगं दिसलं नाही.

खरा घोळ गडकऱ्यांनी घातला. नाटकं राम गणेश गडकरी या नावाने, कविता गोविंदाग्रज या नावाने, विनोद बाळकराम या नावाने. एकच माणूस सूचीत ‘ग’मध्ये दोनदा, ‘ब’मध्ये एकदा, आणि वर रेशनकार्ड एकच. कुसुमाग्रजांचं तर विचारूच नका. जन्मले गजानन रंगनाथ शिरवाडकर, दत्तक गेल्यावर झाले विष्णु वामन. ‘विशाखा’ कुसुमाग्रजांची, ‘नटसम्राट’ शिरवाडकरांचं. गाइडबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘पुस्तकावर जे छापलंय ते द्या आणि दुसऱ्या नावापुढे ‘पाहा’ लिहा.’ मग ‘बाळकराम : पाहा गडकरी’, ‘गोविंदाग्रज : पाहा गडकरी’ असं करत सूची निम्मी प्रेक्षणीय स्थळांच्या पाट्यांसारखी दिसायला लागली.

नावानंतर साल. जुन्या मराठी पुस्तकात साल शोधणं हा वेगळाच धंदा आहे. मुखपृष्ठामागच्या पानावर मुद्रकाचं नाव असतं, छापखान्याचा पत्ता असतो, ‘सर्व हक्क स्वाधीन’ असतं, आणि साल जिथे असतं नेमका तिथेच वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का असतो. खिडकीशी नेऊन, पान उजेडात तिरकं धरून मी शिक्क्याखालून ‘शके 1830’ वाचून काढलं. त्यात 78 मिळवायचे, म्हणजे 1908. पण पुस्तक माघात किंवा फाल्गुनात निघालं असेल तर 79, कारण शक पाडव्याला बदलतो आणि इंग्रजी साल त्याआधीच बदललेलं असतं. महिना अर्थातच शिक्क्याखाली होता.

एक काम मात्र मी मनापासून केलं. एपीएच्या 2019 सालच्या सातव्या आवृत्तीपासून प्रकाशनाचं गाव द्यायचं नसतं. तेव्हा सूचीतून ‘पुणे’ हा शब्द मी एकेक करून खोडला. मी नागपूरचा आहे.

मग वाङ्मयचौर्याची तपासणी. युजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. 60 च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. सुदैवाने ऋणनिर्देश त्यात धरत नाहीत. धरले असते, तर ‘मोलाचे मार्गदर्शन’ आणि ‘कुटुंबीयांची खंबीर साथ’ या दोन कलमांखाली अवघा महाराष्ट्र अडकला असता. त्या खंबीर साथीत मी येतो. नावानिशी नाही.

आणि नावाचं महत्त्व मला व्हायवाच्या दिवशी पुरतं कळलं. प्रबंध कोणी पहिल्या पानापासून वाचत नाही. लग्नपत्रिका हातात आली की वधूवरांचं नाव सोडून माणूस आधी ‘आपले विनीत’ तपासतो, तसे बहिःस्थ परीक्षक थेट संदर्भसूचीवर गेले. आपल्या आडनावाच्या अक्षराशी त्यांचं बोट थांबलं. वर गेलं, खाली आलं. ‘अभ्यास ठीक आहे,’ ते म्हणाले, ‘पण अलीकडचं समीक्षालेखन राहून गेलेलं दिसतं.’

गाइडबाईंचा चेहरा पडला. बाहेर मी सांगून ठेवलेले बटाटेवडे गार होत होते.

‘सर, आपण मागे आहात,’ बायको म्हणाली. ‘टोपणनावाखाली.’

तरुणपणी सरांनी एका दिवाळी अंकात कविता लिहिली होती. कोणत्या नावाने ते सांगत नाही. शेवटी ‘अग्रज’ होतं एवढंच. सरांनी पान उलटलं. बराच वेळ बोट तिथून हललं नाही. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि त्या दिवसाचा एकमेव प्रश्न विचारला :

‘याची झेरॉक्स आहे का हो तुमच्याकडे?’