चाकाचा वेदान्त

दिवाळीच्या फराळातल्या चकल्या संपून डब्यात नुसता चिवडा उरला की टोरांटोच्या आसपासच्या मराठी दिवाणखान्यांत वेदान्ताची चर्चा सुरू होते. विषय ब्रह्म आणि मायेचा नसतो, टायर आणि रिमचा असतो. ही दोन तत्त्वं मुळात एकच की कायमची वेगळी, यावर रात्री साडेअकरापर्यंत वाद चालतो. निघायचं म्हणून कोट चढवून दाराशी उभी राहिलेली पाहुणेमंडळी घामाघूम होतात, पण उंबरठ्यावरचा मुद्दा सोडून जाणं आपल्या रक्तात नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधी थोडी पूर्वपीठिका. कॅनडात गाडीला टायरांचे दोन संच लागतात. एक हिवाळ्याचा आणि दुसरा उरलेल्या दिवसांचा. या दुसऱ्याला 'ऑल-सीझन' म्हणतात. हे बारसं करणाऱ्यानं इथला जानेवारी ऋतूंत धरला नसावा. पारा सात अंशांखाली उतरला की ऑल-सीझनचं रबर कडक होऊ लागतं आणि रस्त्यावरची पकड सुटत जाते. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहील असं बनवलेलं असतं. त्यात सिलिका भरपूर असते, अंगावर बारीक चिरांचं जाळं असतं. कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण असं चिन्ह दिसलं, तर समजायचं की टायर बर्फावरच्या चाचणीत पास झालेला आहे. नुसतं 'एम अधिक एस', म्हणजे चिखल आणि बर्फ, एवढंच लिहिलेलं असेल तर तो परीक्षेला बसलेलाच नाही. अंगावरची नक्षी पाहून त्याला वरच्या वर्गात ढकललेलं आहे.

सात अंशांचा नियम काटेकोर लावला तर निफाडकरांनाही टायर बदलावे लागतील. थंडीच्या लाटेत तिथला पारा पहाटे सातच्या खाली जातो, वर्तमानपत्रांत ठळक बातमी येते, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. टायरला कोणी हात लावत नाही. त्यामुळे नव्यानं आलेल्या नाशिककराला हा सगळा टायर कंपन्यांचा कट वाटला तर त्याला दोष देऊ नये. त्याचं मत इथल्या पहिल्याच उतारावर बदलतं. समोर सिग्नल लाल, पाय ब्रेकवर, आणि गाडी मात्र स्वतःच्या विचारानं पुढे.

हिवाळी टायर ही मूळची फिनलंडची विद्या. तिथल्या नोकिया गावच्या कारखान्यानं १९३४ साली ट्रकसाठी आणि १९३६ साली मोटारीसाठी असा टायर काढला. मोटारीच्या टायरला नाव दिलं 'हाक्कापेलिट्टा'. युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धात लढलेल्या फिनिश घोडेस्वारांना हे नाव पडलं होतं, त्यांच्या 'हाणा, तुटून पडा' अशा आरोळीवरून. सतराव्या शतकातलं घोडदळ आणि त्यात ही आरोळी! एवढं ऐकल्यावर मराठी माणूस किंमत विचारत नाही. मग विचारतो, आणि कोरियन टायर घेतो.

शेजारच्या क्वेबेक प्रांतानं २००८ सालापासून हिवाळी टायर सक्तीचे केले. आता ती मुदत १ डिसेंबर ते १५ मार्च अशी आहे आणि चुकलात तर दंड २०० ते ३०० डॉलर. आमच्या ओंटारियोत सक्ती नाही. इथल्या सरकारनं माणसाचा स्वभाव जास्त ओळखला. १ जानेवारी २०१६ पासून विमा कंपन्यांनी हिवाळी टायर लावणाऱ्याला हप्त्यात सूट दिलीच पाहिजे, असा नियम केला. सूट किती ते कंपनी ठरवते. बहुधा पाच टक्क्यांपर्यंत. जिवाला धोका आहे असं दहा जणांनी सांगूनही जो जागचा हलला नव्हता, तो पाच टक्के म्हटल्यावर दुकानाच्या रांगेत उभा राहिला.

आता दर्शनं. ऑल-सीझनवर अख्खा जन्म काढणारे ते चार्वाक. "तीस वर्षं झाली इथे येऊन, काही झालं नाही," हा त्यांचा एकमेव ग्रंथ. त्यांचीच एक शाखा फोर-व्हील ड्राइव्हवाल्यांची. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी बर्फातून सुटते हे खरं. पण थांबायच्या वेळी ब्रेक सगळ्यांच्याच गाडीला चार चाकांवर असतात आणि तिथे फक्त रबर कामाला येतं, हे त्यांना सांगून उपयोग नाही. दोनच हिवाळी टायर घेऊन पुढे लावणारेही भेटतात. त्यांच्या गाडीचं तोंड वळतं, पाठ वळत नाही. काहींनी 'ऑल-वेदर' टायर घेतलेले असतात. त्यांवर हिमकणाचं चिन्ह असतं आणि ते बाराही महिने चालतात. हे विशिष्टाद्वैत. तर्कदृष्ट्या शहरातल्या बहुतेकांना पुरेसं, पण त्यात दर सहा महिन्यांनी करायला काहीच उरत नाही, म्हणून मंडळाच्या गप्पांत त्याला मान नाही.

खरी लढाई अद्वैती आणि द्वैती यांच्यात. अद्वैती म्हणतो, रिम एकच, टायर येती-जाती. नोव्हेंबरात उन्हाळी टायर रिमवरून उतरवा, हिवाळी चढवा. एप्रिलमध्ये उलटं करा. द्वैती म्हणतो, टायर तिथे त्याची स्वतःची रिम. अख्खं चाक काढायचं, अख्खं चाक लावायचं.

द्वैतवाद्याचा प्रचार नेहमी हिशोबानं सुरू होतो. तो मोबाइलवर तक्ता उघडतो. चार टायर उतरवून-चढवून, बॅलन्सिंग करून घ्यायला साधारण १२० डॉलर. वर्षातून दोनदा, म्हणजे २४०. तयार चाकं नुसती बदलायला ६०, वर्षाचे १२०. म्हणजे दर वर्षी १२० डॉलरची बचत! इथवर सगळे माना डोलावतात. मग स्टीलच्या चार रिम, ९० डॉलरच्या भावानं ३६०. म्हणजे तीन वर्षांत पैसे वसूल. आता आत बसवायचे हवेच्या दाबाचे सेन्सर, नगाला ६० धरले तरी २४०. झाले ६००. वसुली पाच वर्षांनी. हिवाळी टायर रोजच्या वापरात चार-पाच हिवाळेच टिकतात आणि भाड्यानं घेतलेली गाडी बऱ्याचदा चौथ्या वर्षी परत जाते, हे दोन रकाने त्या तक्त्यात नसतात. तक्ता उघडतानाच रिम घ्यायचं ठरलेलं असतं.

गंमत अशी की वेगळ्या रिमच्या बाजूनं चांगली कारणं आहेत, फक्त ती पैशाची नाहीत. टायर दर वेळी ओढून-ताणून रिमवरून काढला की त्याच्या कडांना इजा होण्याचा धोका असतो, नाजूक सेन्सर मोडतो, अलॉयवर ओरखडे येतात. रस्त्यांवर इथे मिठाचा मारा असतो आणि तो चकचकीत अलॉयला मानवत नाही. काळी, कुरूप स्टीलची रिम ते सगळं सोसते. आणखी एक. उन्हाळ्यात गाडीला १८ इंची रिम असेल तर हिवाळ्यात १६ इंची घालता येते. त्यावरचा टायर स्वस्त मिळतो, अंगानं अरुंद आणि भिंतीनं उंच असतो, ताज्या बर्फात तो चांगला रुततो आणि मार्चमधल्या खड्ड्यांत रिमला वाचवतो. पण "मार्चमधल्या खड्ड्यांसाठी" असं सांगून चारशे डॉलर खर्च करणं मध्यमवर्गाला जमत नाही. बचतीसाठी म्हटलं की सहाशेही निघतात.

एकदा घ्यायचं ठरलं की पत्रिका जुळवणं आलं. टायरवर लिहिलेलं २०५/५५ आर १६ हे प्रकरण सोपं आहे. रुंदी २०५ मिलिमीटर, भिंतीची उंची तिच्या ५५ टक्के, रिम १६ इंची. रिमचे गुण मात्र जास्त. भोकं किती आणि किती व्यासाच्या वर्तुळावर? 'पाच बाय ११४.३' हे गोत्र अर्ध्या जपानी गाड्यांना चालतं, पण कोरोलाला बऱ्याचदा 'पाच बाय १००' लागतं. मधलं भोक होंडाला बहुधा ६४.१ मिलिमीटर, टोयोटाला बऱ्याचदा ६०.१. मोठ्या भोकाची रिम लहान मापाच्या गाडीला बसवायची तर मध्ये प्लास्टिकचं कडं घालावं लागतं. शिवाय ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते. शिवाय लहान रिम आतल्या ब्रेकला घासायला नको. हे छत्तीस गुण जुळले की नाडी आडवी येते, ती नटांची. होंडाच्या कंपनीच्या रिमला गोल बुडाचे नट लागतात, बाजारातल्या रिमला निमुळते. चुकीचे लावले तर ते घट्ट लागल्यासारखे वाटतात आणि हळूहळू सैल होतात. अर्थात नट वेगळे विकत मिळतात. कडं वेगळं मिळतं. कुरूपता झाकायला टोप्या वेगळ्या मिळतात. द्वैत एकदा स्वीकारलं की कुठे थांबायचं हे मध्वाचार्यांनीही सांगितलेलं नाही.

सेन्सरबद्दल एक रहस्य. अमेरिकेत ते नव्या गाड्यांना कायद्यानं लागतात, कॅनडात तशी सक्ती नाही. होंडा-माझदाच्या बऱ्याच नव्या गाड्या तर चाकाच्या फिरण्यावरूनच दाबाचा अंदाज घेतात, त्यांना आतला सेन्सर लागतच नाही. ज्यांना लागतो त्यांच्यातले पुष्कळ द्वैती हे २४० डॉलर गुपचूप वाचवतात आणि सबंध हिवाळा डॅशबोर्डवर पिवळं उद्गारचिन्ह मिरवत हिंडतात. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी "अहो, हे काय पेटलंय?" असं विचारलं तर "थंडी आहे ना," असं उत्तर देण्याचा प्रघात आहे. त्यावर सासूबाई हीटर वाढवायला सांगतात.

खरेदीसाठी कॅनेडियन टायर नावाचं १९२२ पासूनचं दुकान आहेच. तिथे टायरसुद्धा मिळतात. टायरच्या विभागापर्यंत पोचेस्तोवर फावडं, कढई, अंगणातल्या खुर्च्या आणि नाताळचं झाड ओलांडावं लागतं, आणि ही शर्यत फार थोडे जण रिकाम्या हातानं पार करतात. या दुकानानं १९५८ साली स्वतःच्या नोटाही छापल्या. आजही एखाद्या जुन्या मराठी घरात कुंकवाच्या करंड्याखाली त्यातल्या चार-दोन सापडतील, कारण ठेवलेला पैसा आपण खर्च करत नाही.

जुन्या रिमचा बाजार निराळा. 'जवळजवळ नव्या, एकच हिवाळा वापरलेल्या' अशी जाहिरात असते. व्यवहार कॉफीच्या दुकानामागच्या पार्किंगमध्ये, अंधार पडल्यावर, दोन उघड्या डिक्यांमध्ये होतो. विकणारा टायरवरचा तारखेचा आकडा अंगठ्याखाली धरून बोलतो. तो अंगठा बाजूला करायला लावणं हे यातलं खरं कौशल्य. ३२१७ दिसलं तर टायर २०१७ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला. म्हणजे त्याचा एक हिवाळा बराच लांबलेला आहे.

ठेवायचं कुठे, हा प्रश्न द्वैती लोक चर्चेत घेत नाहीत. चार चाकं म्हणजे दाराआड मावेल असा ऐवज नव्हे. फ्लॅटमधला माणूस हंगामाचं भाडं भरून ती दुकानातच ठेवतो. स्वीडन आणि नॉर्वेत या सोयीला टायरांचं हॉटेल असंच नाव आहे. भारतातून आलेले आईवडील दिवाणखान्यातल्या सोफ्यावर, टायर हॉटेलात.

ज्याच्याकडे गॅरेज आहे तो चाकं स्वतः बदलतो. दीडशे डॉलरचा जॅक, ऐंशीचा टॉर्क पाना आणि यूट्यूबवरचे असंख्य गुरू. नट किती फूट-पाउंडानं आवळायचा हे तो पाहुण्यांना पाठ म्हणून दाखवतो. पन्नास-शंभर किलोमीटर चालवून झाल्यावर नट पुन्हा तपासायचे असतात हेही सांगतो. तपासत नाही. पण एक मान्य करायला हवं. पहिला बर्फ पडतो त्या सकाळी सगळा प्रांत एकाच वेळी गॅरेजना फोन लावतो आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख घेतो, तेव्हा हा गृहस्थ अंगणात गुडघे टेकून, नाक लाल करून, जिंकलेला असतो. त्या एका तासासाठी मी त्याचा तक्ता माफ करतो.

पुढे गाडी जुनी होते, विकली जाते. रिम उरतात. त्या फुकटात देणं तत्त्वात बसत नाही, म्हणून नवी गाडी रिमच्या मापानं शोधली जाते. शोरूममधला तरुण मायलेज सांगतो, कॅमेरे सांगतो, तापणारं स्टिअरिंग दाखवतो. गृहस्थ विचारतात, "भोकं पाच बाय ११४.३ आहेत का?" तरुण आत जाऊन विचारून येतो. आहेत. मधलं भोक? ६४.१. ब्रेकला १६ इंची रिम घासणार नाही ना? तो पुन्हा आत जाऊन येतो. नाही घासणार. छत्तीसच्या छत्तीस. वहिनींना हवा होता तो रंग या मॉडेलात येत नाही, पण हा मुद्दा तक्त्यात नसतो. सह्या होतात, हात मिळवले जातात, आणि तरुण आनंदानं जाहीर करतो, "अभिनंदन सर! या महिन्यात गाडीबरोबर हिवाळी टायरांचा संच मोफत आहे. रिमसकट."

फुकट मिळणारी वस्तू नाकारणंही तत्त्वात बसत नाही. सध्या त्यांच्या गॅरेजमध्ये आठ चाकं, जॅक, पाना आणि न लागलेले नट सुखरूप आहेत. गाडी बाहेर बर्फात उभी असते.