गव्हाच्या पास्त्याचा पंचनामा : हट्टेकरांसाठी

हट्टा गावच्या दुकानात पास्त्याच्या पुड्यावर गव्हाची ओंबी दिसली, की लगेच तो पिशवीत टाकू नये. अतिवृष्टीनंतर तलाठी, ग्रामसेवक नि कृषी सहायक बांधावर येतात, तसा आधी रीतसर पंचनामा करावा.

घटनास्थळ पुड्याच्या पाठीवर. पुढची बाजू पुराव्यात धरू नये, ती कंपनीची बाजू. मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. वजनाने जे जास्त ते आधी लिहायचं, असा नियमच आहे. यादी इंग्रजीत असल्यास कॉलेजात जाणाऱ्या नातवाला पंच म्हणून बसवावं. पहिलंच नाव ‘संपूर्ण गव्हाचं पीठ’ असेल तर पुढे वाचा. ‘रवा’ असेल तर कोंडा गिरणीतच राहिला. ‘मैदा’ असेल, तर तोही गव्हाचाच! म्हणजे कंपनी खोटं बोलली नाही, सोयीचं तेवढं बोलली. खात्रीसाठी तंतूंचा आकडा पाहावा. १०० ग्रॅमला ८ च्या आसपास असेल तर कोंडा हजर, ३ असेल तर फरार.

रव्याची अगदीच बदनामी नको. इटलीत १९६७च्या कायद्यापासून सुका पास्ता डुरम गव्हाच्या रव्याचाच लागतो. घट्ट मळलेला असल्याने तो ब्रेडपेक्षा सावकाश पचतो, रक्तातली साखरही हळू चढते. अट एकच, किंचित कच्चट ठेवावा. आपण कुकरला तीन शिट्या देतो, तिथे इटलीचा कायदा संपतो.

खरा संशयित आत दडलेला असतो : मसाल्याची पुडी. तिच्यातल्या सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला ५ ग्रॅम मीठ पुरे म्हणते, आणि त्यातला वाटा ठेचा नि लोणचं सकाळीच उचलून बसलेले असतात.

माणशी ६० ग्रॅम सुका पास्ता भरपूर झाला, शिजून तो दुपटीवर जातो. निम्मं ताट भाजीचं, सोबत डाळ किंवा उसळ. इथे घरातली आजी हरकत घेईल : कणीक लाटून, कापून, वसमतची हळद घातलेल्या तुरीच्या वरणात सोडली की वरणफळं होतात, मग वेगळं काय आणलं? हरकत ग्राह्य. शेजारच्या परभणीच्या कृषी विद्यापीठाची, लोह नि जस्त वाढवलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी २०१८ सालीच आली, हेही भाकरीच्या बाजूने नोंदवून ठेवावं.

निकाल : संपूर्ण गव्हाचा पास्ता आठवड्यातून एखाद्या वेळी पात्र, रोजच्या भाकरीच्या जागी अपात्र. मसाल्याची पुडी जप्त.