हंसाची मान कुणी मोडली?

कुंभकोणमजवळच्या नाचियारकोविलची पितळी समई देवळात पिढ्यान्‌पिढ्या ताठ उभी राहते. तिरुचिरापल्लीहून विमानाने मुंबईला पोचेपर्यंत मात्र तिच्या माथ्यावरच्या हंसाची मान मोडते. काउंटरवर ‘नाजूक’ची चिठ्ठी डकवलेली असते, शिवाय ‘मोडतोडीला आम्ही जबाबदार नाही’ यावर आपलीच सही. कायदा वेगळंच सांगतो: सामान कंपनीच्या ताब्यात असताना मोडलं, तर भरपाई कंपनीने द्यायची. पळवाट एक, वस्तूचा अंगभूत दोष. आता पितळेचा दोष काय, तर जडपणा! तक्रार ७ दिवसांत, तीही लेखी. तेव्हा बॅग विमानतळावरच उघडा, टॅक्सीवाला बाहेर कितीही करवादो. आणि घसारा कापतो म्हणाले, तर पितळेचा आजचा भाव विचारा.