शिल्लक

आमच्या हिचे थोरले भाऊ सुहासराव यांना कुठलीही तक्रार सांगा, पहिला प्रश्न ठरलेला: "रॅम किती आहे?" मागे मी गुडघा दुखतो म्हणालो, तेव्हासुद्धा हा प्रश्न त्यांच्या ओठांपर्यंत येऊन परत गेलेला मी पाहिला आहे.

सुहासराव राष्ट्रीयीकृत बँकेत आहेत, राहतात डोंबिवलीत, आणि त्यांच्याकडे गेमिंग लॅपटॉप आहे. वजन अडीच किलो, कीबोर्डाखाली गणपतीच्या मखराला लाजवेल अशी रोषणाई. पंखे जोरात फिरायला लागले की वहिनी आतून विचारतात, "गिरणी सुरू केलीत का?" एवढ्या यंत्रावर सुहासराव खेळतात काय? पत्ते. सॉलिटेअरचा एक डाव, तोही रात्री जेवण झाल्यावर. मग घेतला कशाला, असं विचारलं की म्हणतात, "अहो, कॉन्फिगरेशन बघा ना!"

येताना त्यात रॅमच्या आठ-आठच्या दोन पट्ट्या होत्या. त्या काढून यांनी सोळा-सोळाच्या घातल्या. एकूण ३२ जीबी. झोपण्यापूर्वी ते टास्क मॅनेजर उघडतात आणि नुकतंच भरून आणलेलं पासबुक न्याहाळावं तसे आकडे न्याहाळतात. "२४ शिल्लक," असं पुटपुटून झाकण लावतात. एवढी शिल्लक कशासाठी? "अडीअडचणीला असावी."

स्वतःची शिल्लक पुरेशी झाली की माणूस नातेवाइकांच्या संसारात लक्ष घालतो. दिवाळीच्या फराळाला आले, की हातात चकली आणि खिशात बारीक स्क्रूड्रायव्हर. "खोलून बघू?" "अहो, वॉरंटी जाईल," हे वहिनींचं पालुपद. तेवढ्यात लॅपटॉप उताणा झालेला असतो.

खोलण्याचेही सोपस्कार आहेत. आधी लोखंडी कपाटाला हात लावायचा. अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून. माझ्या आईला बरीच वर्षं वाटायचं, हा मुलगा कपाटाला नमस्कार करतो, संस्कार चांगले आहेत. मग घरातला मिसळणाचा डबा रिकामा करून मागायचा. मागच्या बाजूचे लांब स्क्रू मोहरीच्या वाटीत, पुढचे आखूड हळदीच्या वाटीत, म्हणजे बसवताना घोळ नको. आखूड जागी लांब स्क्रू गेला तर आतलं काहीतरी भोसकलं जातं, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण आमच्या मुलाचा, ओमचा लॅपटॉप तापला की अजून फोडणीचा वास येतो, हेही खरं आहे. खालचं झाकण उचकटायला जुनं एटीएम कार्ड. बँकेच्या माणसाला त्याची काय वानवा!

एकदा मात्र हात पोळले. दुसऱ्या एका भाच्याला सरप्राइज म्हणून डीडीआर-४ची पट्टी आणली, लॅपटॉप निघाला डीडीआर-५चा. दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी, त्यामुळे पट्टी बसेचना. अर्धा तास वेगवेगळ्या कोनांतून प्रयत्न करून शेवटी म्हणाले, "जागा अरुंद दिलीय." त्यानंतर वर्षभर त्यांनी कोणाचा लॅपटॉप खोलला नाही. फक्त दुरून, "रॅम किती आहे?"

यंदा ओमच्या लॅपटॉपची पाळी आली. आठची एकच पट्टी, दुसरा स्लॉट रिकामा. गेम अडकतो म्हणून तो रडकुंडीला आलेला. मामांनी त्याला ड्युअल चॅनल समजावलं: "कॅशला एकच खिडकी असली की रांग दारापर्यंत जाते. दुसरी उघडली की भराभर सरकते. ड्युअल चॅनल म्हणजे तेवढंच." मग बँकेला सुट्टी असते त्या दुसऱ्या शनिवारी दादरला गाडी बदलून ते ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोड पालथा घातला. पाटीवर भडकमकर मार्ग असलं तरी रॅम घ्यायला कोणी भडकमकर मार्गावर जात नाही. पण २०२५च्या अखेरीपासून एआयच्या सर्व्हरांनी चिपा उचलल्या आणि भाव सोन्यासारखे चढले. सुहासराव रिकाम्या हाताने परतले. दुपारभर कोणाशी बोलले नाहीत.

संध्याकाळी आमच्याकडे आले, ते चंदेरी पाकीट घेऊन. आपल्या लॅपटॉपमधून काढलेल्या त्या आठ-आठच्या पट्ट्या कपाटाच्या लॉकरमध्ये, वहिनींच्या पाटल्यांशेजारी होत्या. त्यातली एक. "मुदतीआधी मोडली," एवढंच म्हणाले.

कपाटाला हात, मिसळणाचा डबा, बॅटरीची पिन काढणं, सगळं यथासांग झालं. पट्टी तिरकी घालून खाली दाबली, दोन्ही बाजूंच्या चिमट्यांनी टक् केलं. बटण दाबलं. पडदा काळा.

"पहिल्यांदा वेळ लागतो," सुहासराव म्हणाले. "नवीन मेंबर आलाय, केवायसी चाललंय." मिनिट गेलं. दुसरं गेलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यात पुसण्यासारखं काही नव्हतं. ओम काही बोलला नाही, शहाणं पोर आहे. हिने उगाच देवघराकडे पाहिलं.

पडदा उजळला. "थांब, आधी टास्क मॅनेजर!" सोळा. सगळ्यांनी वाकून पाहिलं, मीही. पाच वापरात, अकरा शिल्लक. सुहासरावांच्या चेहऱ्यावर मार्चअखेरीचा हिशेब जुळल्याचं समाधान.

मग ओमने गेम लावला. आलेख चढू लागला. आठ, अकरा, तेरा.

"अरे, तीनच उरली!"

"मामा, खेळायलाच तर घातली ना?"

"हो, पण म्हणून सगळी?" सुहासराव कळवळून म्हणाले. "बंद कर, बंद कर. मिनिमम बॅलन्स तरी राहू दे!"