पुरावा क्रमांक १४ : जेवलीस का?

महाराणा प्रताप नगर, म्हणजेच एमपी नगर, हे आमच्या भोपाळचं कोचिंगचं माहेरघर. झोन वनमध्ये शिरा नाहीतर झोन टूमध्ये, मान वर केली की फलकावर टॉपर दिसतो. नीटचा टॉपर, पीएससीचा टॉपर, बँकेच्या परीक्षेचा टॉपर. अलीकडे या पोरांच्या रांगेत नवविवाहित जोडपी येऊन बसली आहेत. मेंदीभरल्या हातात पासपोर्ट, मागे कुठल्यातरी देशाचा झेंडा आणि खाली मोबाइल नंबर : 'स्पाउस व्हिसा. रिफ्युजल केसचे स्पेशालिस्ट.' एकाच इमारतीत खाली फिजिक्स शिकवतात, वर संसार. फिजिक्सला निदान सिलॅबस असतो.

आमच्या मराठी घरांत लग्न कसं ठरतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. स्थळ इंदूरच्या मावशीने सुचवायचं, चौकशी ग्वाल्हेरच्या काकांनी करायची, पत्रिका पुण्याच्या गुरुजींनी बघायची. मुलगा टोरोंटोत. तो पंधरा दिवसांच्या रजेवर येतो, कांदेपोहे होतात (भोपाळात पोह्यांबरोबर जिलबी असते, त्यामुळे होकार लवकर येतो), गच्चीवर दोघांना 'मोकळेपणी बोला' म्हणून सोडतात आणि जिन्यात चार जण कान देऊन उभे राहतात. या सगळ्या खटाटोपात मुलगा-मुलगी एकमेकांना किती ओळखतात, हा प्रश्न कुणाच्याही डोक्यात येत नाही. तो पहिल्यांदा विचारतो परदेशातला सरकारी कारकून.

आणि विचारतो म्हणजे काय, मुलीच्या बापासारखा विचारतो. ब्रिटनचंच बघा. तिथे स्थायिक झालेल्या जावयाला बायको न्यायची असेल, तर वर्षाला किमान २९,००० पौंड मिळकत दाखवावी लागते. २०१२ पासून ही अट १८,६०० होती, एप्रिल २०२४ मध्ये ती एकदम वर गेली. मुलगी इंग्रजी बोलते का, त्याची परीक्षा. मुलीला क्षय नाही ना, त्याचं सर्टिफिकेट. वर तिथल्या दवाखान्यांच्या नावाने व्हिसाच्या पहिल्या मुदतीसाठी ३,१०५ पौंड आगाऊ. पगार, शिक्षण, प्रकृती आणि देणंघेणं! आपल्याकडच्या 'वधू पाहिजे'च्या जाहिरातीतलं फक्त गोत्र तेवढं राहिलं. आमचे लोक मात्र यावर चिडतात. 'हे काय, पगार विचारतात?' म्हणणारे हेच गृहस्थ सहा महिन्यांपूर्वी मुलाच्या पॅकेजमध्ये जॉइनिंग बोनस धरला आहे का, ते फोन करकरून विचारत होते.

माझ्या भाचीची स्पाउस व्हिसाची फाइल करायला तिच्याबरोबर मी गेलो, कारण मी मामा. कन्सल्टंट विशीतला, अविवाहित, गळ्यात लॅपटॉपच्या कंपनीची दोरी. त्याच्याकडे कॅनडाचा फॉर्म होता. पहिली भेट कुठे झाली, कुणी घडवली, लग्नाला कोण कोण होतं, घरच्यांपैकी कोण कुणाला भेटलंय, सगळं तपशीलवार लिहायचं. भाचीने पहिल्या भेटीच्या रकान्यात लिहिलं : आत्याच्या हॉलमध्ये, सोळा माणसांच्या समक्ष. मग त्याने लग्नाचे फोटो टेबलावर पसरले आणि एकेक उचलून बघत राहिला.

'सर, ये अंकल कौन हैं? हर फोटो में मॅडम के पीछे खड़े हैं.'

मीच तो. अंतरपाट धरलेला असताना मुलीच्या मागे मामाने उभं राहायचं असतं, हे त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि विचारलं, 'क्रॉप कर दें?' मंगलाष्टकांना पाऊण तास उभा राहिलेला मामा दोन सेकंदांत कापला गेला. उरलेल्या फोटोंतही अडचण होती. मुंडावळ्यांच्या मागे नवऱ्या मुलाचा चेहरा सापडेना. मुलगी सगळीकडे खाली बघतेय, मुलगा सगळीकडे गुरुजींकडे. जोडप्याची एकमेकांकडे नजर असलेला एकच फोटो निघाला, तोही जेवणाच्या पंगतीतला घास भरवतानाचा. आणि त्यात त्याचा हात तिच्या नाकावर होता.

'हनीमून का कुछ?' होते ना! जेजुरी, तुळजापूर, कोल्हापूर. टेम्पो ट्रॅव्हलर भरून. प्रत्येक फोटोत दोघांच्या मधोमध सासूबाई.

मग आलं चॅटिंग. दूर राहणारे नवराबायको खरंच बोलतात याचा पुरावा म्हणून स्क्रीनशॉट जोडायचे असतात. भाचीने मोबाइल पुढे केला. 'जेवलीस का?' 'हो. तुझा चहा झाला?' 'झाला.' 'बरं.' दुसरा दिवस : 'जेवलीस का?' 'हो. आज भरीत होतं.' 'छान.' तिची रात्र म्हणजे त्याची सकाळ, त्यामुळे महिनोन्‌महिने जेवण आणि चहा एवढीच देवघेव. कन्सल्टंट बराच वेळ अंगठा सरकवत राहिला. शेवटी म्हणाला, 'सर, बात तो रोज होती है, पर फीलिंग नहीं है.' मी म्हटलं, आमच्याकडे हीच फीलिंग असते. माझ्या वडिलांनी आयुष्यभर आईला एवढंच विचारलं, आणि आईला तर नवऱ्याचं नाव सांग म्हटलं असतं तर आधी उखाणा जुळवावा लागला असता. त्याने सल्ला दिला, रोज थोडं 'मिस यू' टाका. भाचीने तिथेच बसून नवऱ्याला लिहिलं : 'ते म्हणताहेत मिस यू म्हणायचं.' तिकडून उत्तर आलं : 'ओके. मिस यू.' हा स्क्रीनशॉट अर्थातच लावता आला नाही. 'जेवलीस का?' मात्र पुरावा क्रमांक १४ म्हणून गेला.

या पोराला हसण्यात अर्थ नाही. त्याला त्याचा बाजार कळतो. कॅनडाच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षणात दिलेला एक कागद २०१५ मध्ये माहितीच्या अधिकारात बाहेर आला होता. खोटं लग्न ओळखायचं कसं, याच्या त्यात खुणा होत्या. फोटोत जोडपं ओठांवर चुंबन घेताना दिसत नाही. हिऱ्याची अंगठी नाही. लग्न छोटेखानी, पार्टी हॉटेलात. हनीमूनला गेले नाहीत. या फूटपट्टीने मोजलं तर माझ्या आईवडिलांचं, सासूसासऱ्यांचं आणि भोपाळच्या यच्चयावत मराठी मंडळींचं लग्न बोगस. आमच्या रिसेप्शनमध्ये ओठांवर चुंबनाचा फोटो काढायचा म्हटला, तर तो काढणारा फोटोग्राफर आणि काढू देणारं जोडपं यांपैकी आधी कुणाला बाहेर काढायचं एवढाच वाद होईल.

न्यूझीलंड तर याहून पुढचं. २०१९ मध्ये तिथल्या इमिग्रेशन खात्याने भारतातल्या ठरवून केलेल्या लग्नांचे अर्ज धडाधड फेटाळायला सुरुवात केली. कारण काय, तर नवराबायको एकत्र राहिलेले नाहीत. आता नवरा ऑकलंडला, बायको भारतात. एकत्र राहायचं तर व्हिसा पाहिजे आणि व्हिसा पाहिजे तर आधी एकत्र राहिलेलं पाहिजे. तिथल्या भारतीयांनी ओरडा केला, तेव्हा शेन जोन्स नावाच्या मंत्र्याने त्यांना सुनावलं की पटत नसेल तर पुढचं विमान पकडून घरी जा. (बायकोच्याच घरी जायचं होतं बिचाऱ्यांना, पण नोकरी तिकडे.) नोव्हेंबरमध्ये सरकारने नियम बदलला आणि परदेशात लागलेल्या ठरवून केलेल्या लग्नांनाही वाट दिली. म्हणजे आपल्या मावश्या, आत्या, काकू यांनी शेकडो वर्षं चालवलेला धंदा एका देशाच्या व्हिसाच्या यादीत जाऊन बसला. मावशीला सांगितलं तर ती कमिशन मागेल.

आमच्या पोरांच्या तोंडी खरं नाव अमेरिकेचं. तिथे लग्नाची तोंडी परीक्षा आहे. संशय आला तर नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळं बसवून तेच तेच प्रश्न विचारतात आणि उत्तरं ताडून बघतात. पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं, दात घासायचा ब्रश कुठल्या रंगाचा, असले. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये स्टोक्स नावाचा खटला झाला, त्यावरून या मुलाखतीला आजही स्टोक्स मुलाखत म्हणतात. आमच्या एमपी नगरात आता याचीही मॉक टेस्ट होते. माझ्या मते ती सगळ्यांचीच घ्यावी. पंचवीस वर्षं संसार केलेल्या माझ्या एका मित्राला घरी विचारून बघितलं, बायकोच्या ब्रशचा रंग कोणता? त्याने स्वतःच्या ब्रशचा रंगही बायकोलाच विचारला. हा अस्सल लग्नाचा पुरावा आहे. पण तो ग्राह्य धरणारा फॉर्म कुणी छापलेला नाही.

एच-फोर व्हिसावर जाणाऱ्या बायकांची गंमत आणखी वेगळी. १५ डिसेंबर २०२५ पासून अमेरिकेने एच-वन आणि एच-फोरच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगितलं. तपासणी वाढली म्हणून भारतातल्या ठरलेल्या मुलाखती पार मार्च २०२६ पर्यंत आणि त्याही पलीकडे ढकलल्या गेल्या. शेजारच्या मुलीच्या सासूबाईंनी साखरपुड्यालाच बजावलं होतं, 'आता ते इन्स्टाग्राम बंद कर हं.' तिने केलं. आता अमेरिका म्हणते उघड. दोन सासवांमधली कोण जास्त कडक, हे कळायला तिला वर्ष लागणार नाही.

ही मुलगी भोपाळच्या मॅनिटमधून एमटेक झालेली. एच-फोर म्हणजे अवलंबित. नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्याला पोहोचला असेल तरच तिला कामाचा परवाना मागता येतो, आणि तेवढी सोयसुद्धा २०१५ पासूनची. त्याआधी गेलेल्या कित्येक इंजिनिअर बायकांनी आपली डिग्री कपाटात ठेवून पोळ्या लाटल्या. लग्न जुळवताना 'मुलगी उच्चशिक्षित हवी' असा आग्रह धरणारे मुलाकडचे याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. आणि खरं सांगायचं तर मुलीकडचेही नाही. 'तिकडे गेल्यावर बघू' यात सगळं बसतं. मेडिकलच्या सीटसाठी काउन्सेलिंगच्या सगळ्या फेऱ्यांचा अभ्यास करणारा बाप मुलीला कुठल्या व्हिसावर पाठवतोय, त्यावर तिला पगार घेता येईल का, हे विचारत नाही. त्याला हॉल किती वाजेपर्यंत मिळणार ते पाठ असतं.

कागदांची तर कथाच सांगू नये. १४ फेब्रुवारी २००६ रोजी, होय, बरोबर त्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लग्नाची नोंदणी सक्तीची करा. मध्य प्रदेशने २००८ मध्ये नियम केले. तरी आमच्याकडे लग्नाच्या आल्बमवर ऐंशी हजार घालवणारे लोक नगर निगमच्या सर्टिफिकेटसाठी व्हिसाची तारीख येईपर्यंत थांबतात. मग ते सर्टिफिकेट हिंदीत मिळतं. त्यात मुलीचं मधलं नाव वडिलांचं, आडनाव नवऱ्याचं, पासपोर्टवर दोन्ही माहेरची आणि आधार कार्डावर देशपांडेचं स्पेलिंग तिसरंच. एकच बाई तीन कागदांवर तीन बायका होते आणि दुसरं लग्न न करताच नवऱ्यावर बहुपत्नीत्वाचा संशय येण्याची वेळ येते. पुढे अपॉस्टिल. राज्याच्या सचिवालयाचा शिक्का आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा. सचिवालय म्हणजे वल्लभ भवन, एमपी नगरातून गच्चीवर उभं राहिलं तर दिसेल इतकं जवळ, पण कागद तिथे पायी जात नाही, एजंटच्या बॅगेतून जातो. मंत्रालयाची फी ५० रुपये. एजंटची फी विचारलीत तर तो आधी पाणी देतो. शिवाय भारत २००५ पासून अपॉस्टिलच्या करारात असला तरी जर्मनीने आपल्या प्रवेशाला हरकत घेतली होती, म्हणून तिथे हा शिक्का पुरत नाही, हे पोरगी पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात जर्मनची ए-वन पास होऊन आल्यावर सांगणारे कन्सल्टंटही याच झोनमध्ये आहेत.

परदेशाला नावं ठेवताना एक सांगायला हवं. उद्या एखादी परदेशी सून अरेरा कॉलनीत नांदायला आली आणि तिला ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड हवं असलं, तर आपलं सरकारही म्हणतं : लग्न नोंदवलेलं पाहिजे आणि दोन वर्षं टिकलेलं पाहिजे. तिला 'जेवलीस का' विचारायला मात्र गल्लीतल्या चाळीस बायका पहिल्याच दिवशी येतील, फुकट.

भाचीची फाइल गेली. आता दोन्ही घरांत वेगळीच ठिणगी पडली आहे : विमानाचं तिकीट कुणी काढायचं? मुलाकडचे म्हणतात, पाठवणी मुलीकडूनच होते. मुलीकडचे म्हणतात, याद्या केल्या तेव्हा बसभाडं लिहिलं होतं, विमानभाडं नाही. मला मध्यस्थीला बोलावलं, कारण कापला गेलो तरी मी मामा. बसल्या बसल्या एवढं कळलं की सामानाच्या दोन बॅगांपैकी एक सासूबाईंनी आधीच भरून ठेवली आहे. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि मुलाचे लोकरीचे पायमोजे. दुसरी रिकामी आहे. तिच्यात काय न्यायचं त्याची यादीही त्यांनीच केली आहे.