चार पाव, एक बाटली

माझी कुडाळला बदली झाल्याचं कळताच कोथरूडच्या आमच्या कट्ट्यावर शोकसभा भरली आणि लगेच तिच्यात दोन गट पडले. एकाचं म्हणणं, "मजा आहे बुवा तुझी, रोज मासे!" दुसऱ्याचं म्हणणं, "मासे ठीक आहेत, पण तिथे बाकी काही मिळतं का?" दोन्ही गटांतलं कुणीही आयुष्यात कुडाळला उतरलेलं नव्हतं. गोव्याला जाताना सगळे कुडाळवरून झोपेत गेले होते.

मुलगी बारावीला, म्हणून सौ. पुण्यातच राहणार होती. माझं स्वयंपाकातलं कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापर्यंतचं शिक्षण झालेलं आहे. त्यापुढचा अभ्यासक्रम कधी झेपला नाही. तरी मी निर्धास्त होतो. खिशात फोन होता. कोथरूडमध्ये हा फोन दहा मिनिटांत कोथिंबिरीची जुडी दारात आणून टाकायचा. पहिल्याच संध्याकाळी मी त्याला दूध, अंडी आणि ब्रेड मागितला. त्याने बराच वेळ चाक फिरवलं आणि कळवलं, की आम्ही अजून तुमच्या भागात पोचलेलो नाही, लवकरच येऊ. आमचे पुण्याचे नातेवाईक "एकदा येऊ तुझ्याकडे कोकणात" म्हणतात ना, अगदी तोच सूर.

मग मी घरमालक काकांना विचारलं, "इथे जेवायची सोय कुठे आहे?"

"सरळ जावा," काका म्हणाले. "पूर्वी थेटर होता, थयसून डावीकडे. बोर्ड बघू नका, बोर्ड वेगळोच आसा."

पूर्वी थिएटर असलेली जागा आज आलेल्या माणसाने कशी ओळखायची, हा प्रश्न काकांना पडला नाही. गावात सगळे पत्ते असेच. जे आता नाही त्याच्यावरून वळायचं आणि जे बंद पडलं त्याच्यासमोर थांबायचं. चौघांना विचारत मी खाणावळ गाठली. दारावर कुठल्याशा थंड पेयाची पाटी होती आणि ते पेय आत मिळत नव्हतं.

टेबलाशी बसलो. एक पोरगा पाण्याचा तांब्या ठेवून म्हणाला, "आज मोरी आसा."

मी हातांकडे पाहिलं. प्रवासाने काळवंडले होते खरे. पुण्यात वेटर इतक्या आपुलकीने कधी बोलत नाही. मी विचारलं, "कुठे आहे?"

"आत आसा. हाडू?"

हाडू म्हणजे आणू, एवढं मला कळत होतं. मोरी बाहेर आणायची ही पद्धत मात्र नवीन होती. मी म्हणालो, "नको, नको, मीच आत जातो."

"ताजी आसा हां," त्याने पाठीमागून सांगितलं.

ताजी मोरी शोधत मी थेट स्वयंपाकघरात शिरलो. चुलीपाशी बसलेल्या बाईंनी कढईवरचं झाकण काढून दाखवलं. वाटलेल्या खोबऱ्यात आणि लाल मसाल्यात रटरटणारं ते मोरीचं मटण, म्हणजे लहान शार्क, मी उभ्याउभ्याच पाहिलं आणि हात न धुताच परत येऊन बसलो. त्या दिवशी मी दोन थाळ्या जेवलो आणि तीन पेले सोलकढी प्यालो. ही गुलाबी चीज करतात कशाने, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, "आगळ घेवा. नारळाचो रस, आगळ, लसूण, मिरची. झाला." तो शब्द मी कागदावर लिहून घेतला. पुढचं सगळं महाभारत त्या कागदातून निघालं.

जेवणाची सोय झाली, नाश्त्याचं काय? काकांनी सांगितलं, "पाववालो येता मा सकाळी. भोंगो वाजवता." हा पाववाला म्हणजे गोव्याच्या पोदेराचा चुलतभाऊ. सायकलला मागे टोपली, वर प्लॅस्टिकचा कागद आणि हँडलला रबरी फुग्याचा भोंगा. पहाटे पों-पों झालं की बायका पदराआड सुटे पैसे घेऊन दारात येतात. कागद बाजूला होताच जी वाफ आणि वास येतो, त्याच्यापुढे आमच्या पुण्यातली कापलेली पावरोटी म्हणजे सरकारी परिपत्रक वाटते.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा मी पायजम्याची नाडी बांधत धावलो. चष्मा वरच राहिला होता. फाटकाबाहेर एक आकृती दुचाकीवर होती, मागे टोपली होती. मी वीसची नोट पुढे केली आणि म्हणालो, "चार पाव द्या."

"चार पाव म्हणजे किलोच झालो," आकृती म्हणाली. "वीस रुपयांत नाय जमाचा."

मी म्हणालो, "हरकत नाही, बाकीचे नंतर देतो." मनात म्हटलं, इथे पाव वजनावर देतात वाटतं. त्याने पिशवी हातात ठेवली. ती गार आणि ओली होती, आणि माझ्याकडे बघत होती.

मासेवाल्याचाही भोंगा असतो हे मला काकांनी सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या मते ते सांगण्यासारखं काही नव्हतंच, कारण दोन भोंग्यांचा आवाज वेगळा असतो. पाववाल्याचा पों-पों असा दोनदा आणि वरच्या पट्टीत, मासेवाल्याचा एकच लांब. तिसरा भोंगा एका भाजीच्या टेंपोचा. तो आठवड्यातून दोनदा घाटावरून आणलेली भाजी घेऊन फिरायचा. गावातल्या तीन वर्षांच्या मुलालाही हे राग ओळखता येतात. मी सवाई गंधर्वला वीस वर्षं गादीवर बसलेला माणूस, पण मला जमायला दीड महिना लागला. सोमवारी मासेवाला येत नाही, कारण सोमवारी घेणार कोण? आणि १ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत, तेव्हा त्याच्या टोपलीत सुके बांगडे आणि गोलमो असतो. गोलमो म्हणजे सुकी कोळंबी. त्या दिवसांत आवाज तोच राहतो, वास मात्र भोंग्याच्या आधी पोचतो.

तर माझ्या हातात एक किलो पेडवे होते. मासा ताटात आल्यावर माझी त्याच्याशी ओळख. त्याचं पूर्वायुष्य मला ठाऊक नाही. काकींनी पिशवीत डोकावून विचारलं, "ह्या काय हाडलास?" मी म्हणालो, "पाव." त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं, पिशवी काढून घेतली आणि पाटावर बसून तासाभरात ते सगळे साफ केले. दुपारी केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर भाजलेले पेडवे मी त्यांच्याकडेच जेवलो. संध्याकाळपर्यंत "साहेबांनी पाव म्हणून पेडवे घेतल्यानी" ही बातमी रेल्वे स्टेशनपर्यंत पोचली होती. तिथल्या रिक्षावाल्याने मला पहिल्यांदाच पाहिलं आणि "काय साहेब, चार पाव?" असं स्वागत केलं.

किराणा मालाचीही घरपोच सेवा आहे. वाण्याला यादी फोनवर सांगायची. तो "व्हय, व्हय" म्हणतो आणि शेवटी म्हणतो, "वायच थांबा." वायच हे तिथलं वेळेचं एकक आहे. शब्दाचा अर्थ 'थोडंसं', पण ते थोडंसं पाच मिनिटांपासून परवापर्यंत कुठेही संपू शकतं. माल कसा येईल हेही निश्चित नसतं. कधी शाळेतून घरी जाणारा मुलगा दप्तरावर तूरडाळ ठेवून आणतो, कधी सहा आसनी रिक्षात सातवं आसन म्हणून माझं गोडंतेल बसलेलं असतं. एकदा माझे पोहे चुकून एस.टी.तून मालवणच्या दिशेने गेले आणि संध्याकाळच्या परतीच्या गाडीने सुखरूप परत आले. कंडक्टरने पिशवी देताना, भिजवायच्या आधी चाळून घ्या, असंही सांगितलं.

दुपारी एक ते चार दुकान बंद. याबद्दल एक चकार शब्दही काढण्याचा नैतिक अधिकार पुणेकराला नाही, म्हणून मी पुढे जातो.

पहिल्या यादीत मी दोन किलो साखर सांगितली होती. आली अर्धा किलो. दुकानात जाऊन विचारलं तर वाणी चिंचेच्या गोळ्याचं वजन करता करता म्हणाला, "तुमका शुगर आसा मा? दोन किलो कित्याक?" मी गावात येऊन आठ दिवस झाले होते. शुगरबद्दल बोललो होतो फक्त औषधाच्या दुकानात. "मेडिकलवालो माजो भाचो," वाणी म्हणाला. पुण्यात त्या फोनवाल्यांनाही माझ्याबद्दल सगळं कळत असणार. पण त्यांनी आजवर माझी साखर कधी कमी केली नव्हती, उलट दोनावर एक फुकट दिली होती.

आणि मग बुधवार आला. कुडाळचा आठवडा बाजार बुधवारचा. आजूबाजूच्या गावांतल्या बायका पहिल्या एस.टी.ने येऊन रस्त्याच्या कडेला बसतात. त्यांच्यापुढचा माल दुकानात शोभणारा नसतो, परसातला असतो. लाल भाजीच्या चार जुड्या, दोन तवशी, एक केळफूल, मूठभर कोकम सोलं, कणग्यांचा ढीग. एका बाईपुढे तर फक्त सात लिंबं आणि एक कोंबडा होता, आणि त्यातला कोंबडा विकायचा नव्हता.

मी कणग्यांसमोर बसलो आणि पुणेरी सवयीने विचारलं, "काय किलो?"

म्हातारीने इकडे तिकडे पाहिलं, जणू किलो नावाचं कुणी मागे उभं आहे. "किलो-बिलो काय नाय. ह्यो वाटो वीस रुपये."

"पण वाट्यात किती भरतील?"

"ह्ये बघा. हितके." तिने वाट्याकडे बोट दाखवलं. याच्याहून पारदर्शक व्यवहार मी बँकेत तीस वर्षांत पाहिला नाही. पलीकडे उकडे तांदूळ पायलीने मोजले जात होते. पायली म्हणजे चार शेर इथपर्यंत माझी मजल गेली, पुढे शेराचे ग्रॅम विचारल्यावर तांदूळवाल्याने माझ्या मागच्या गिऱ्हाइकाशी बोलायला सुरुवात केली.

मी खिशातून तो कागद काढला आणि वाचला, "आगळ आहे का?"

म्हातारीने गोणपाटाखालून एक बाटली काढली. आगळ म्हणजे पिकल्या रातांब्यांचा मीठ घालून काढलेला दाट रस. रंग गडद, लालसर काळा. घरोघरी करतात आणि घरात ज्या बाटल्या असतील त्यांत भरतात. ही बाटली एका प्रसिद्ध रमची होती. म्हातारीने लेबल मनापासून खरवडलेलं होतं, पण खरवडताना नेमकं 'आरोग्यास हानिकारक' तेवढंच मागे राहिलं होतं. "सोच्छ धुतलेली आसा," ती म्हणाली. पिशवी माझी लहान. तळाशी कणगी, वर लाल भाजी आणि तिच्यातून बाटलीची मान बाहेर. असा मी भर बाजारातून, बसस्टँडवरून, शाखेच्या समोरून घरी आलो. वाटेत सगळ्यांनी नेहमीपेक्षा जास्त आदराने नमस्कार केले.

दुसऱ्या दिवशी शाखेतला शिपाई दार लोटून आत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, बाजारातली कित्याक घेतलास? माका सांगूचा. चांगली गावता."

मला भरून आलं. म्हटलं, "घरची असेल तर उत्तम."

"घरचीच. काजूची पण गावता."

काजूचंही आगळ करतात ही माहिती मला नवीन होती. कोकणी माणूस कशाचं काय करील! "मग एक आण की," मी म्हणालो, "पुण्याला सासूबाईंना पाठवीन म्हणतो."

शिपाई दोन पावलं मागे सरकला. त्याच्या डोळ्यांत माझ्या सासुरवाडीबद्दल जो आदर दाटून आला, त्याचा अर्थ मला शनिवारी कळला. कागदात गुंडाळलेली बाटली घरी आली आणि मी बूच उघडलं तेव्हा काजूचा तो उग्र वास थेट मेंदूत गेला. त्या बाटलीचं पुढे काय झालं ते काकांना विचारा. ते त्या आठवड्यात दोन दिवस दुपारी फार प्रेमाने गात होते.

त्याच शनिवारी वाण्याकडून माल आला. यादीत नसलेली मसाला शेंगदाण्यांची पुडी त्यात होती. मी फोन करून सांगितलं, की ही चुकून आली. वाणी म्हणाला, "आसू दे. लागतले." सणाची काही योजना असेल म्हणून मी गप्प बसलो. मग दर शनिवारी एक पुडी यायला लागली. साखर अर्धा किलोच.

मार्चअखेर बारावीची परीक्षा संपली आणि सौ. रात्रीच्या गाडीने आली. मी स्टँडवर पोचायच्या आत तिने रिक्षा केली होती. पत्ता सांगायचीही गरज पडली नाही; "चार पाव साहेबांकडे मा?" एवढंच रिक्षावाल्याने विचारलं. स्टँड ते घर हे अंतर सात मिनिटांचं. त्या सात मिनिटांत तिला पेडवे, पोहे, साखर आणि बाजारातली बाटली हा सगळा इतिहास सनावळीसकट समजला. दारात पाऊल टाकून, बॅग खाली न ठेवता ती म्हणाली, "बाटली कुठे आहे?"

मी ओट्यावरची बाटली दाखवली. एव्हाना ती पाचवी होती. तिने लेबलाचा उरलेला तुकडा वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, मग बूच काढून वास घेतला. बोट बुडवून चाखलं. चेहरा आंबट झाला आणि मग हळूहळू सुटला.

"हे तर आगळ आहे."

"मग मी काय म्हणतोय!"

"तू कुठे काय म्हणालास?" हे खरं होतं. चार महिने मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

पुढच्या बुधवारी ती स्वतः बाजारात गेली, मी पिशव्या धरायला. ओल्या काजूगरांचे दिवस होते. ते शेकड्यावर मिळतात आणि सौ.ने शंभरच्या शंभर मोजून घेतले. अठ्ठ्याण्णव निघाले, तेव्हा काजूवालीने हसत पाच जास्त टाकले. म्हातारी तिथेच होती. सौ.ने आगळ चाखलं, घासाघीस केली आणि पुण्याला द्यायला एक, इथे एक अशा दोन बाटल्या घेतल्या. दोघींच्या माना पिशवीतून बाहेर. मी झाकायला लाल भाजी पुढे केली, तर ती म्हणाली, "त्यात लपवायचं काय आहे?"

परतताना उसळीसाठी गरम मसाला हवा म्हणून वाण्याकडे थांबलो. त्याने आधी पिशवीकडे पाहिलं. दोन माना मोजल्या. मग सौ.कडे पाहिलं, पुन्हा पिशवीकडे पाहिलं. काही न बोलता त्याने मसाल्याची पुडी बांधली, मागच्या बरणीतून शेंगदाण्याची नेहमीची पुडी काढून ठेवली, क्षणभर थांबला आणि तिच्यावर आणखी एक ठेवली.

"ही वहिनींका," तो म्हणाला.