उत्साहात संपन्न

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढलं. हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या शाळेचं भित्तिपत्रक म्हणूनच दर ६ जानेवारीला सजायचं. त्या आरशात मात्र फक्त मुख्याध्यापक दिसत. बातमी कोणतीही असो, वृक्षारोपण की औंढा नागनाथची सहल, ती 'उत्साहात संपन्न' व्हायची. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं झाड लागतं, ही माझी शोधबातमी सरांनी जागेअभावी कापली आणि तिथे सुविचार टाकला: 'सत्यमेव जयते'. आता पत्रकारितेच्या वर्गात बसल्यावर कळतं, शाळेनं शिकवायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. खऱ्या वर्तमानपत्रातही जागा कमीच असते. सुविचाराऐवजी तिथे भाऊसाहेबांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात. त्या मात्र पानभर, रंगीत आणि रोख.